क्रूझ संपते त्याच सकाळचं विमान कसं गाठावं : सिंगापूर ते सोलापूर

‘क्रूझ संपते त्या दिवशी संध्याकाळचंच विमान घ्या, नाहीतर सिंगापुरात एक रात्र राहा,’ हा सल्ला जो तो देतो. मुंबईत घर असलेल्याला तो परवडतो. विमान रात्री दहाला उतरलं तरी तो बारापर्यंत आपल्या गादीवर असतो. सोलापूरकर रात्री दहाला मुंबईत उतरला की त्याची सिद्धेश्वर एक्स्प्रेस गेलीच म्हणून समजा. मग पोरं, बॅगा आणि सुजलेले पाय घेऊन खासगी बस शोधायची, किंवा चारशे किलोमीटरसाठी गाडी करायची. म्हणून आपल्याला सकाळचंच विमान लागतं आणि ते गाठताही येतं. मात्र नव्या पेठेतला एखादा एजंट ‘जहाज सहाला लागतंय, साडेआठचं आरामात मिळतंय बघा’ म्हणतो, तसं ते मिळत नाही.

नात्यातली आणि गल्लीतली मंडळी घेऊन मी ही वारी करत असते. फॉरेक्स, विमा, बॅगा भरणं हे तुम्हाला जमतं असं धरून चालते. व्हिसावर मात्र एकदा नजर टाका. क्रूझ संपल्यावर तुम्ही सिंगापुरात दुसऱ्यांदा शिरत असता, त्यामुळे तो एकाहून जास्त वेळा प्रवेश देणारा हवा.

तिकीट काढताना हिशोब उलटा, सोलापूरकडून करा. वंदे भारत मुंबईहून दुपारी ४:०५ ला सुटते आणि दादरला थांबून रात्री पावणेअकराच्या आत सोलापूरला येते. आठवड्यातून एक दिवस ती नसते, तो वार आधी बघून ठेवा. सिंगापूर ते मुंबई साधारण साडेपाच तास, आणि सिंगापूरचं घड्याळ आपल्यापुढे अडीच तास. म्हणजे तिथून साडेदहाला निघालेलं विमान आपल्या दीडला उतरतं. इमिग्रेशन, बॅगा आणि मुंबईची वाहतूक धरून दादर साडेतीनपर्यंत येतं. अकराचं असेल तरी चालतं, पण मग धाप लागते.

साडेदहाच्या आधीचं तिकीट फुकट मिळालं तरी घेऊ नका. परदेशी विमानाचा काउंटर सुटायच्या साधारण तासभर आधी बंद होतो, काहींचा त्याहूनही आधी. सकाळी आठ-साडेआठच्या आत तुम्ही चांगी विमानतळावर पोचलात तर तो दिवस चांगला. त्याच्याही आधी पोचण्याची आशा धरून पैसे लावू नयेत.

मी वंदे भारत आणि सिद्धेश्वर अशा दोन्ही गाड्यांची तिकिटं काढते. लोक हसतात. पण वंदे भारत मिळाली तर सिद्धेश्वरच्या तिकिटाचे थोडेच पैसे वाया जातात, आणि ती हाताशी नसताना वंदे भारत चुकली तर गाडीभाड्याचे हजारो जातात. सोलापूरच्या होटगी रोड विमानतळावरून आता मुंबईची सेवा सुरू झाली आहे. ती उत्तम आहे, पण ज्या दिवशी जहाजावरून उतरायचं त्या दिवशी तिसरं वाहन साखळीत ओवू नका. ज्यांचे नातेवाईक हैदराबादला आहेत (सोलापुरात अशी घरं किती, ते सांगायला नको) त्यांनी हैदराबादचं विमान जरूर बघावं. ते लवकर उतरतं, आणि पुढे तीनशे किलोमीटरचा सरळ हायवे आहे.

आता मुख्य गोष्ट. विमान मिळणार की चुकणार हे टॅक्सीत ठरत नाही, जहाजातून बाहेर पडण्याच्या त्या दीड-दोन तासांत ठरतं. हा टप्पा कळायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला, कारण माहितीपत्रकात त्याबद्दल दोनच ओळी असतात आणि त्या ओळी आरामात उतरणाऱ्यांसाठी लिहिलेल्या असतात.

जहाजाची पद्धत अशी. शेवटच्या संध्याकाळी केबिनमध्ये रंगीत टॅग येतात. ते बॅगांना लावायचे आणि रात्री झोपण्याआधी बॅगा दाराबाहेर ठेवायच्या. कर्मचारी त्या रातोरात खाली नेतात आणि सकाळी टर्मिनलच्या हॉलमध्ये रंगाप्रमाणे मांडतात. मग एकेका रंगाला पुकारा होतो. ऐकायला हे फार सुखाचं वाटतं. प्रत्यक्षात सगळ्या जहाजाचं सामान उतरेपर्यंत तुम्ही लाउंजमध्ये बसून राहता, तुमचा रंग कधी येईल ते कोणी छातीठोक सांगत नाही, आणि बाहेर आल्यावर शेकडो काळ्या ट्रॉल्यांतून आपली काळी ट्रॉली हुडकायची असते. सकाळचं विमान असेल तर रात्री बॅग दाराबाहेर ठेवायची नाही. एकही नाही. ‘फक्त मोठी ठेवते, बाकीच्या हातात घेते’ म्हणणारी वहिनी प्रत्येक ग्रुपमध्ये असते. त्या एका मोठ्या बॅगेसाठी मग सगळं खटलं खोळंबतं.

आपलं सामान आपणच उचलून पहिल्या तुकडीत उतरण्याची सोय बहुतेक जहाजांवर असते. कुठे तिला सेल्फ असिस्ट म्हणतात, कुठे एक्स्प्रेस. ती मागावी लागते. रिसेप्शनवर शेवटच्या संध्याकाळी जाऊ नका, तेव्हा तिथे बिलाची भांडणं चाललेली असतात. आदल्या दिवशी सकाळीच जा, विमानाचं तिकीट दाखवा आणि तीन गोष्टी विचारा. नाव कुठे नोंदवायचं, सकाळी कुठे जमायचं, आणि उतरण्याचा दरवाजा कोणत्या डेकवर, म्हणजे जहाजाच्या कोणत्या मजल्यावर असेल. ‘उद्या सकाळी स्पीकरवर सांगू’ असं उत्तर आलं तर हसून तिथेच उभं राहावं. गेल्या फेरीला कोणत्या डेकवर होता, एवढं तरी ते सांगतात.

जहाज धक्क्याला लागलं म्हणजे उतरता येतं, हा समज डोक्यातून काढा. दोर बांधतात, शिडी लावतात, मग बंदरावरच्या अधिकाऱ्यांची परवानगी येते आणि त्यानंतरच दरवाजा उघडतो. खिडकीतून सिंगापूरच्या इमारती दिसत असतात, टॅक्सीसुद्धा दिसतात, आणि तुम्ही आतच. यात तासभर सहज जातो. या तासाला कोणाचा इलाज नाही. रिसेप्शनवरच्या पोरीवर ओरडून तर अजिबात नाही. हा तास धरूनच मी साडेदहा म्हणते.

पण या तासात तुम्ही कुठे उभे आहात, ते तुमच्या हातात आहे. नाश्त्याचा बुफे असतो वरच्या मजल्यांवर, उतरायचा दरवाजा खालच्या, आणि मध्ये चार-सहा लिफ्ट. पहिली घोषणा झाली की लिफ्टसमोर गड्ड्याच्या यात्रेतल्या होम मैदानासारखी गर्दी होते. बॅगा घेऊन नाश्त्याला गेलेला माणूस तिथून वेळेत खाली येत नाही, हे मी पैजेवर सांगते. त्यामुळे बुफे उघडल्या उघडल्या मोकळ्या हातांनी जायचं, चहा आणि दोन इडल्या पोटात टाकायच्या, केबिनमध्ये यायचं आणि घोषणेच्या आधीच बॅगांसकट त्या दरवाजाच्या डेकवर नाहीतर एक मजला वर जाऊन बसायचं. ज्यांना तीन कप चहाशिवाय हलता येत नाही त्या काकांसाठी रात्रीच थर्मास भरून ठेवा. (इलेक्ट्रिक किटली नेऊ नका. बहुतेक जहाजांवर ती चढतानाच काढून घेतात आणि उतरताना परत घ्यायला वेगळी रांग असते. तीनशे रुपयांच्या किटलीपायी विमान सोडायचं का?)

बॅगेची परीक्षा सोलापुरातच घ्या. स्वतःची भरलेली बॅग स्वतः उचलून दोन मजले जिने उतरता आलं तर ती बॅग चालेल. नवऱ्याच्या, मुलाच्या भरवशावर भरलेली बॅग चालणार नाही, कारण त्यांच्याही हातात बॅगा असणार. मुस्तफा सेंटरमधली खरेदी क्रूझच्या आधीच झाली असेल तर मोठी बॅग जहाजावर नेऊच नका. चांगी विमानतळावर पैसे भरून सामान ठेवायची सोय आहे. ज्या टर्मिनलवरून परत उडायचं तिथेच ठेवा आणि जहाजावर लहान बॅगेनं चढा. या एका गोष्टीनं सकाळ निम्मी सोपी होते.

सोबत व्हीलचेअर लागणारे आजी-आजोबा असतील तर हा सगळा लेख विसरा आणि संध्याकाळचं विमान घेऊन मुंबईत मुक्काम करा. व्हीलचेअरवाल्यांना नेणारे कर्मचारी थोडे असतात, त्यांची रांग वेगळी असते आणि ती घाईनं हलत नाही. ‘आई चालेल तेवढं’ म्हणून आईला जिन्यांवरून पळवणाऱ्यांचा मला राग येतो.

शेवटच्या रात्रीची बाकी कामं किरकोळ आहेत, पण एकही राहता कामा नये. जहाजावरच्या आपल्या खात्याचं बिल टीव्हीवर किंवा ॲपवर बघून घ्या. चूक असेल तर तेव्हाच रिसेप्शन गाठा, कारण पैसे थकलेले असले तर सकाळी दरवाजावर कार्ड लावताच मशीन अडवतं. जहाजानं पासपोर्ट ठेवून घेतले असतील तर ते परत कधी, कुठे मिळणार ते विचारा आणि मिळाल्यावर सगळ्यांचे एकाच माणसाकडे द्या. घड्याळही बघा. जहाज वाटेत थायलंडच्या फुकेतला थांबत असेल, तर ते सिंगापूरच्या एक तास मागे आहे. तिथे मोबाइलनं आपोआप वेळ बदललेली असते आणि समुद्रात नेटवर्क नसलं की ती तशीच राहते. मग पाचचा गजर सहाला वाजतो. फोनची आपोआप वेळ बंद करून सिंगापूरची वेळ हातानं लावा.

सिंगापूरचं अरायव्हल कार्ड पहिल्यांदा येताना भरलं होतं, ते परतीला चालत नाही. परत येताना प्रत्येकाचं नव्यानं भरायचं, येण्याच्या तारखेआधी तीन दिवसांच्या आत. जहाजावरचं वायफाय महाग असतं, म्हणून शेवटच्या बंदरावर उतरलात की तिथेच सावलीत बसून सगळ्यांचं भरून टाका. सरकारी साइटवर ते फुकट आहे. पैसे मागणारी साइट दिसली की ती बंद करा. त्याच बैठकीत विमानाचं वेब चेक-इन उघडलं असेल तर तेही उरका.

टर्मिनलमध्ये इमिग्रेशन भराभर होतं. कस्टमला एकच सांगणं : जहाजावर घेतलेल्या सिगारेटींवर सिंगापुरात कुठलीही सूट नाही, एका पाकिटावरसुद्धा. लाल मार्गानं जाऊन ती जाहीर करावी लागतात आणि त्यात वेळ जातो. घेऊच नका.

टॅक्सीच्या आधी आपलं जहाज कुठे लागतं ते माहीत असू द्या. सिंगापुरात क्रूझची टर्मिनलं दोन आहेत, मरिना बे आणि हार्बरफ्रंट. तिथून चांगी वीस-पंचवीस किलोमीटर, अर्धा तास धरा. चार माणसं आणि चार ट्रॉल्या साध्या टॅक्सीत बसत नाहीत, हे सोलापूरच्या रिक्षांची सवय असलेल्यांना पटत नाही. मोठी मॅक्सी कॅब आदल्या दिवशीच सांगून ठेवा, आणि थांबण्याची वेळ जहाज लागण्याच्या नाही, उतरण्याच्या अंदाजानं द्या. उंची १.३५ मीटरच्या खालचं मूल सोबत असेल तर ॲपवरच्या खासगी गाडीत त्याच्यासाठी वेगळी सीट कायद्यानं लागते. रांगेतल्या साध्या टॅक्सीला त्यातून सूट आहे. टॅक्सीची रांग फारच लांब दिसली तर मरिना बेपासून पायी काही मिनिटांवर मरिना साउथ पिअरचं मेट्रो स्टेशन आहे. गाडी बदलत जावं लागतं, तासभर लागतो, पण मेट्रो सिग्नलला अडकत नाही.

चांगीला पोचलात की निम्मं भय संपलं. पॉवर बँक हातातल्या बॅगेत, चेहऱ्याची क्रीम आणि बाटल्या मोठ्या बॅगेत, ही अदलाबदल काउंटरच्या आधी करून घ्या. टर्मिनल १, २ आणि ३ मध्ये सुरक्षा तपासणी थेट गेटवर होते. त्यामुळे आत शिरलं म्हणजे झालं असं समजून दुकानांत रेंगाळू नका. गेटवरची रांग नंतर कळते. बाटलीतलं पाणीही गेटच्या आधीच संपवा.

मुंबईत उतरल्यावर दादरकडे निघा, सीएसएमटीकडे नाही. विमानतळापासून ते जवळ आहे आणि वंदे भारतचा तिथला थांबा काही मिनिटं उशिराचा असल्यानं तेवढी सवड मिळते. तीन वाजून गेले आणि तुम्ही अजून बॅगांच्या पट्ट्यासमोर असाल, तर वंदे भारतचा नाद सोडा. हमालाला दुप्पट, टॅक्सीवाल्याला तिप्पट देऊन ती गाठणारे मी पाहिलेत आणि प्लॅटफॉर्मवर उभं राहून तिचे मागचे दिवे बघणारेही. सिद्धेश्वर रात्री आहे. सामान दादरच्या क्लोकरूममध्ये टाका, थालीपीठ खा, पोरांना चौपाटीवर सोडा. खालचे बर्थ तिकीट काढतानाच मागून ठेवा. दिवसभर उभं राहिलेल्या माणसाला वर चढायला लावणं बरं नाही.