आई-बाबांना रोमच्या त्रात्तोरियात जेवायला नेताना

भारतातून आलेल्या आई-बाबांना रोममध्ये अस्सल स्थानिक जेवण द्यायचे असेल, तर कोलोसियमजवळची, दारात पदार्थांची छायाचित्रे लावलेली हॉटेले सोडून तेस्ताच्चो किंवा गार्बातेल्लासारख्या वस्तीतली जुनी त्रात्तोरिया, म्हणजे साधी घरगुती खाणावळ, निवडावी आणि आदल्या दिवशी फोन करून टेबल राखून ठेवावे. दुपारी साधारण साडेबारा ते अडीच आणि रात्री साडेसातनंतर एवढ्याच वेळात बहुतेक ठिकाणी स्वयंपाकघर चालू असते. ज्यांना मधुमेहाच्या गोळ्या वेळेवर घ्याव्या लागतात, त्यांच्यासाठी हे आधीच लक्षात घ्यावे.

घरातले कोणी शाकाहारी असेल, तर त्याची चौकशी फोनवरच करावी, कारण वेटर टेबलापाशी उभा असताना वडीलधारी माणसे संकोचाने ‘चालेल’ म्हणून मोकळी होतात. ‘मांस नको’ एवढे सांगून भागत नाही. कार्बोनारा, आमात्रिचाना आणि ग्रिचा या तिन्ही पास्त्यांत डुकराच्या गालाचे मांस असते, भोपळ्याच्या तळलेल्या फुलांत आणि पुंतारेल्ले या कोशिंबिरीत अँचोवी मासा असतो, तर रिसोत्तो पुष्कळदा मांसाच्या रश्श्यात शिजवतात. काचो ए पेपे म्हणजे नुसते चीज आणि मिरे, म्हणून तो पास्ता शाकाहारी मानला जातो. पण त्यातले पेकोरिनो रोमानो हे चीज कोकराच्या आणि पार्मिजानो हे चीज वासराच्या जठरातल्या रेनेट या पाचक द्रव्याने विरजतात. हे आई-बाबांना घरीच सांगावे आणि खायचे की नाही हे त्यांना ठरवू द्यावे. पहिला घास घेतल्यावर ते कळणे फार वाईट.

माझ्या मते अशा कुटुंबासाठी सर्वांत निर्धास्त पदार्थ म्हणजे पेन्ने आर्राब्याता: टोमॅटो, लसूण आणि सुकी लाल मिरची. वाळवलेल्या पास्त्यात सहसा अंडे नसते, ताज्या पास्त्यात बहुधा असते. मागवताना ‘सेन्झा फोर्माज्जो’, म्हणजे चीज नको, असे सांगावे. सोबत लसूण-मिरचीवर परतलेली चिकोरिया ही पालेभाजी घ्यावी. तिची किंचित कडवट चव मेथी आवडणाऱ्यांना लगेच रुचते. हिवाळा किंवा वसंत असेल, तर रोमच्या ज्यू वस्तीतून आलेले कार्चोफी आल्ला जुदिया अवश्य मागवावे. अख्खे आर्टिचोक (कळीसारखी दिसणारी भाजी) तेलात दोनदा तळल्याने त्याच्या बाहेरच्या पाकळ्या तांबूस होऊन उलगडतात आणि गाभा मऊ राहतो. पाकळ्या हाताने तोडून खाल्ल्या तरी कोणाला वावगे वाटत नाही. तळणीचे तेल मांस-माशांच्या तेलापेक्षा वेगळे आहे का, हे मात्र विचारून घ्यावे.

पास्ता आधी आणि भाजी नंतर येते. दोन्ही एकत्र हवे असल्यास ‘तुत्तो इन्सिएमे’ म्हणावे. प्रत्येकाने सगळे टप्पे घेण्याचे बंधन नाही, आणि वाटून खाण्यासाठी जास्तीच्या ताटल्या मागण्यात काही गैर नाही. पाणी बाटलीतून येते आणि त्याचे पैसे लागतात.

रोम ज्यात येते त्या लात्सियो प्रांताने 2006च्या कायद्याने ‘कोपेर्तो’ हा बसण्याचा आकार घ्यायला मनाई केली, परंतु ब्रेडचे पैसे बिलात लागू शकतात. टिप देणे सक्तीचे नाही. बिल मागितल्याशिवाय सहसा आणत नाहीत. बाबा पाकीट काढणार असतील, तर ते कॉफी घेत असतानाच उठून गल्ल्यावर पैसे देऊन यावे.