प्रत्यारोपण सेवा उभारताना आधी समन्वयक नेमा

देशभरासाठी अवयव प्रत्यारोपण सेवा उभी करायची म्हटलं की शस्त्रक्रियागृहं आणि सर्जन यांचीच चर्चा आधी होते. मी समन्वयक म्हणून, म्हणजे संभाव्य दाता ओळखून त्याचे नातेवाईक आणि डॉक्टर यांना जोडणारी व्यक्ती म्हणून, काम करते आणि आग्रहानं सांगते, पहिली नेमणूक समन्वयकाची, तीही अतिदक्षता विभागात करा. दाता तिथेच लक्षात येतो, नाहीतर कायमचा निसटतो.

स्पेनमध्ये संमती गृहीत धरणारा, म्हणजे जिवंतपणी नकार दिला नसेल तर अवयवदानाला होकारच मानणारा, कायदा १९७९ मध्येच झाला होता. दाते वाढले ते १९८९ मध्ये राष्ट्रीय प्रत्यारोपण संस्था स्थापन होऊन रुग्णालयांत समन्वयकांचं जाळं विणल्यावर. दर दहा लाख लोकसंख्येमागे १४ च्या आसपास असलेलं प्रमाण पुढे ४० च्या वर गेलं. कायदा हवाच, मेंदूमृत्यूला (मशीनच्या आधारानं हृदय चालू असलं तरी मेंदूचं काम कायमचं थांबणं) कायदेशीर मान्यता नसेल तर कोणी डॉक्टर पुढे येणार नाही. पण नुसत्या कायद्यानं दाता मिळत नाही.

समन्वयक शक्यतो त्याच विभागातला डॉक्टर किंवा परिचारिका असू द्या. मेंदूमृत्यू ठरवणाऱ्या डॉक्टरांचा प्रत्यारोपणाच्या चमूशी काडीचाही संबंध नको. ही भिंत पक्की नसेल तर लोकांचा विश्वास एका संशयानं उडतो.

नातेवाईकांशी दोनदा बोला. आधी फक्त मृत्यूबद्दल. दानाचा विषय त्यांना ते समजलंय याची खात्री पटल्यावरच काढा. ‘मशीनवर जिवंत आहेत’ हे शब्द चुकूनही वापरू नका. छाती वरखाली होताना दिसत असते, हात उबदार लागतो, त्यात असं वाक्य कानावर पडलं की माणूस आशेला चिकटून राहतो. बसायला खुर्च्या असलेली वेगळी खोली हवी. घाई नको. नकार आला तर तोही तितक्याच आदरानं ऐका, आणि नंतरही त्यांची विचारपूस करा.

प्रतीक्षायादी देशाची एकच ठेवा. रक्तगट, तातडी, शरीराचं आकारमान, प्रतीक्षेचा काळ यांचे नियम जाहीर करा. फोनवरून कोणाचा क्रमांक बदलता येऊ नये. हृदय साधारण चार तासांत बसवावं लागतं, मूत्रपिंड नीट थंड ठेवलं तर चोवीस तासही टिकतं. म्हणून हृदयासाठी आधी जवळचे रुग्ण पाहा, मूत्रपिंड दूर पाठवता येतं.

आणि प्रत्यारोपणानंतरची औषधं पहिल्याच अंदाजपत्रकात धरा. प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या बहुतेकांना आयुष्यभर लागतात. त्या परवडेनाशा होऊन बंद पडल्या, तर मिळालेला अवयवही जातो.