कुमारवयाची कादंबरी लिहिताय? या चुका टाळा

कुमारवयीन मुलांसाठी लिहिलेली हस्तलिखितं मी गेली काही वर्षं वाचते आहे. गोष्ट बहुतेकांकडे असते: वडिलांची बदली, आजोळी काढलेली दोन वर्षं, घरातलं एखादं मरण, तुटलेली मैत्री. तरीही तिसऱ्या प्रकरणाच्या आसपास पुस्तक हातातून निसटायला लागतं. कारण बहुतेकदा एकच. चौदा वर्षांच्या मुलाच्या तोंडून पन्नाशीचं माणूस बोलत असतं.

‘आज मागे वळून पाहताना…’

मुलगा आईवर चिडून गच्चीत जाऊन बसतो. इथवर ठीक. पुढच्याच ओळीत तो सांगतो, ‘आईच्या त्या रागामागची काळजी कळायला मला वीस वर्षं लागली.’ वाचणारा मुलगाही त्या क्षणी गच्चीतच बसलेला असतो. त्याला खाली बोलावून समज दिल्यासारखं होतं, आणि तो पुस्तक मिटतो.

यावर ‘श्यामची आई’चा दाखला हमखास दिला जातो. पण साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात ते लिहिलं तेव्हा रचनाच तशी बांधली होती. मोठा झालेला श्याम आश्रमातल्या सोबत्यांना रोज रात्री एकेक आठवण सांगतो. ऐकणारे समोर बसलेले आहेत, आठवणं हाच तिथला प्रसंग आहे. तुमच्या कादंबरीत असं ऐकणारं कुणी नसेल, तर ते मोठं माणूस बोलतंय कुणाशी?

उलट प्रकाश नारायण संतांचा लंपन पाहा. १९९४ साली आलेल्या ‘वनवास’मधला हा मुलगा आईवडिलांपासून दूर, आजी-आजोबांकडे राहतो. पण आपल्या दुःखाचा अर्थ तो कुणाला लावून देत नाही. त्याच्याकडे ‘म्याड’ हा शब्द आहे, आणि तो त्याला कितीतरी गोष्टींना पुरतो.

उपाय कष्टाचा आहे, पण खात्रीचा. एक प्रकरण घ्या आणि त्या दिवशी त्या मुलाला जे कळणं शक्य नव्हतं ते पेन्सिलीने खोडा. प्रकरण निम्मं झालं तरी घाबरू नका. मोकळ्या झालेल्या जागेत त्याचे चुकीचे अंदाज लिहा. या वयात निष्कर्ष तयारच असतात: बाबांची नोकरी गेली, म्हणजे परवा आपण महागडे बूट मागितले म्हणूनच काहीतरी झालं. हा अंदाज चुकीचा आहे हे वाचणाऱ्याला दिसतं, मुलाला दिसत नाही, आणि तिथे वाचणाऱ्याचा जीव तुटतो.

माणसं आहेत, पण घर दिसत नाही

कडक बाबा, मायाळू आई, गोष्टी सांगणारी आजी. ही नुसती नात्यांची नावं झाली. पात्रांची टिपणं काढण्याआधी घराचा नकाशा काढा. दोन खोल्यांत सहा माणसं असतील तर वयात येणारी मुलगी कपडे कुठे बदलते? मोरीला दार आहे की पडदा? कपाटाची किल्ली कुणाकडे असते? आत्या राहायला आली की कुणाचं अंथरूण हलतं?

आपलेपणावर लिहिताना तर याशिवाय चालतच नाही. काकांकडे शिकायला राहिलेल्या मुलाला ‘मी या घरचा नव्हतो’ असं म्हणू देऊ नका. आपल्याकडे स्टीलच्या भांड्यांवर नावं घातलेली असतात. पानं वाढली की प्रत्येक भावंडापुढे त्याच्या नावाचा पेला येतो आणि याच्यापुढे कुठल्याशा लग्नात आहेर म्हणून आलेला, परक्या आडनावाचा. काकू वाईट नाही, हाताला लागेल तो पेला ती ठेवते. मुलगा मात्र रोज ते आडनाव वाचतो. काकूला दुष्ट केलंत की हे सगळं मातीत जाईल, कारण मग दोष कुणाचा ते ठरलं आणि मुलाला वाटायचं काही उरलंच नाही.

बोली फक्त आजीला

निवेदन प्रमाण मराठीत आणि मालवणी किंवा अहिराणी फक्त आजीच्या तोंडी, तीही हशा पिकवायला. ज्या मुलाच्या घरी तीच भाषा बोलतात त्याला हे लागतं. तुमची नायिका घरी कशी बोलते, वर्गात कशी, आणि वर्गातली भाषा घरात कधी शिरली? आई शाळेत येते तेव्हा मैत्रिणींसमोर ती आईशी कसं बोलते, एवढा एकच प्रसंग लिहून पाहा. माझ्या मते अर्धी कादंबरी तिथेच सापडते.

आज चलनात असलेली स्लँग मात्र जपून वापरा. पुस्तक छापून येईपर्यंत ती शिळी होते. ‘म्याड’ टिकला तो लंपनचा स्वतःचा झाला म्हणून.

काळ आणि वय

मिलिंद बोकीलांच्या ‘शाळा’त (२००४) आणीबाणी आहे, पण ती मोठ्यांच्या बोलण्यातून येते. नववीतल्या जोशीचं लक्ष वर्गातल्या शिरोडकर या मुलीकडे असतं. काळाची माहिती मुलाच्या दिवसात शिरते तेवढीच ठेवा. नायकाचं वयही तपासा: सातवीतलं मूल नववीतल्या मुलाबद्दल आवडीने वाचतं, नववीतल्याला मात्र सहावीचा नायक नको असतो.

आवरून ठेवलेला शेवट

दहावीचा निकाल चांगला लागतो, सगळे जमतात, बाबा पाठीवर हात ठेवतात. शेवटचं प्रकरण बाजूला काढून आधीच्या प्रकरणावर थांबता येतं का ते पाहा. मी वाचलेल्या बऱ्याच हस्तलिखितांत ते आलं. काकांकडे राहणाऱ्या त्या मुलाचं कुणी जवळ घेऊन सांत्वन करायची गरज नाही. एके रात्री चुलत बहीण काही न बोलता आपला पेला त्याच्यापुढे सरकवते, आणि परक्या आडनावाच्या पेल्यातून स्वतः पाणी पिते.