रिओपेलच्या चित्रावर बोली लावण्याआधी

कॅनडियन चित्रकार झाँ-पोल रिओपेल (1923–2002) याच्या चित्राची किंमत सहीवरून नव्हे, सालावरून ठरते. म्हणून लिलावाची यादी हातात आली की आधी साल पाहा.

मॉन्ट्रियलमध्ये चित्रकार पॉल-एमिल बोर्दुआचा विद्यार्थी, 1948 च्या ‘रफ्यू ग्लोबाल’ जाहीरनाम्यावर सही करणाऱ्यांपैकी एक, मग पॅरिस. 1950 च्या दशकात पॅलेट नाइफने (रंग लावायच्या बोथट सुरीने) रंगाचे चौकोनी तुकडे शेजारी शेजारी दाबून त्याने जी मोझेकसारखी चित्रं केली, बाजार मुख्यतः त्यांच्यामागे धावतो. 1952-53 मधलं ‘व्हाँ द्यू नॉर’ 2017 मध्ये हेफेल या कॅनडातल्या लिलावगृहात 74 लाख कॅनडियन डॉलरहून अधिक रकमेला गेलं. तो आकडा धरून 1970 च्या दशकातल्या किंवा नंतरच्या कॅनव्हासचा अंदाज बांधणं ही नेहमीची चूक. हिमनगांची चित्रं आणि स्प्रेने केलेले हंस हा वेगळाच भाव आहे. तुलना करायची तर साल दोन-तीन वर्षांच्या आत, माध्यम तेच आणि आकार जवळपास सारखा असलेल्या विक्रीशी करा. कागदावरचं काम कॅनव्हासच्या रांगेत बसवू नका.

यानंतर कॅटलॉग रेझोने, म्हणजे चित्रकाराच्या सगळ्या कामांची नोंद असलेला ग्रंथ. चित्रकाराची मुलगी इझल्ट रिओपेल हिने तो तयार केला. 1939 ते 1953 चा पहिला खंड 1999 मध्ये आला. नोंद क्रमांक, मापं आणि छायाचित्र चित्राशी ताडून पाहा. नोंद नसेल तर ती का नाही, हे लिलावगृहाला लेखी विचारा.

आता रंगाचा पृष्ठभाग. खरी गोम इथेच आहे. जाड थर वरून सुकतो, आतून बरीच वर्षं मऊ राहतो. त्यामुळे भेगा पडतात, आणि फ्रेमला धक्का बसला की टोकं तुटतात. बाजूने तिरका उजेड टाकून पाहा: सुटलेले तुकडे आणि चपटी झालेली शिखरं लगेच दिसतात. चपटी शिखरं म्हणजे बहुधा मागून दुसरं कापड गरम इस्त्रीने चिकटवलेलं असतं. अतिनील दिव्याखाली नवी रंगदुरुस्ती गडद डागासारखी उठते. रिओपेलच्या थरात चकाकी जागोजागी बदलते. सगळीकडे सारखी तुकतुकी असेल तर नंतर कुणीतरी वार्निश मारलंय, आणि अशा जाड थरावरून ते काढणं जिकिरीचं असतं. कंडिशन रिपोर्ट (चित्राच्या अवस्थेचा अहवाल) मागवाच, पण मोबाइलवरच्या फोटोवर विसंबू नका.

लिथोग्राफ (दगडावरून छापलेलं चित्र) घेताना पेन्सिलची सही आणि आवृत्तीचा क्रमांक दोन्ही हवेत. मासिकातून काढलेली सहीविना पानं ‘मूळ लिथोग्राफ’ म्हणून विकली जातात. ती लिथोग्राफच असतात, पण त्यांची किंमत त्या मानाने किरकोळ.

पैशाचा हिशोब बोलीआधीच करा. समजा हातोडा 1,00,000 डॉलरवर पडला आणि प्रीमियम (लिलावगृह खरेदीदाराकडून वर घेतं ते शुल्क) पहिल्या 25,000 वर 25 टक्के, पुढे 20 टक्के असेल, तर 21,250 जोडले जातात. वर कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतातला 13 टक्के विक्रीकर धरला की रक्कम सुमारे 1,37,000 होते. दर लिलावगृहागणिक बदलतात. विक्रीच्या अटी वाचा.

चित्र कॅनडाबाहेर न्यायचं असेल तर आणखी एक पायरी: 50 वर्षांहून जुनं, चित्रकार हयात नाही आणि ठरावीक किमतीच्या वर असेल, तर निर्यात परवाना लागतो. गेल्या 35 वर्षांत ते कॅनडात आयात झाल्याचं सिद्ध करता आलं, तर परवाना सहज मिळतो. पॅरिसमध्ये रंगवलेली रिओपेलची बरीच चित्रं नंतर कॅनडात आली, त्यामुळे विक्रेत्याकडून आयातीचे जुने कागद मागून ठेवा.