अ‍ॅडॅप्टिव्ह वेव्हलेट लावूनही फाईल फुगतेय? या चुका टाळा

अटल सेतूचा फोटो घ्या, मांडवीच्या काठावरून काढलेला. त्या तिरक्या केबल्स असतात ना, साध्या वेव्हलेटला (फोटोचं ढोबळ रूप आणि बारीक डिटेल वेगळे काढून फाईल लहान करायची पद्धत) त्याच नडतात, कारण ते बिचारं आधी आडवं बघतं मग उभं बघतं आणि तिरकी बारीक रेघ आली की तिन्ही डिटेल बँडमध्ये (आडव्या, उभ्या, तिरक्या डिटेलचे गट) कोएफिशियंट, म्हणजे साठवायचे आकडे, सांडून ठेवतं. म्हणून मग लोक अ‍ॅडॅप्टिव्हकडे वळतात, म्हणजे फोटो बघून फिल्टर बदलायचा, नाहीतर दिशा बदलायची (डायरेक्शनल लिफ्टिंग), नाहीतर बँडचे तुकडे कसे पाडायचे ते बदलायचं (वेव्हलेट पॅकेट). पेपरात ग्राफ झकास असतो, घरी येऊन कोड लिहिला की फाईल साध्या ९/७ (नेहमीचा ठरलेला वेव्हलेट फिल्टर) पेक्षा मोठी. गोव्यातल्या फायनल इयरच्या पोरांपासून नोकरीत हेच करणाऱ्यांपर्यंत सगळ्यांचं रडगाणं साधारण एकच असतं, आणि बहुतेक वेळा गणित बरोबरच असतं, गडबड असते ती एवढीच की डिकोडरने (फाईल बनवतो तो एनकोडर, उलगडतो तो डिकोडर) फोटो बघितलेला नाही हे कोणीतरी विसरलेलं असतं.

एनकोडर ओरिजिनल बघून ठरवतो, डिकोडरकडे ओरिजिनल कुठंय

ही सगळ्यात महागडी चूक म्हणून आधी हीच. लिफ्टिंगमध्ये (विम स्वेल्डन्सने ९० च्या दशकात मांडलेली पद्धत) आधी विषम पिक्सेलचा शेजारच्या सम पिक्सेलवरून अंदाज बांधायचा, अंदाज आणि खरं यातला फरक म्हणजे डिटेल, मग त्या डिटेलवरून सम पिक्सेल अपडेट करायचे. आता तुम्ही ठरवलंत की इथे कडा आहे तर अंदाज लांबच्या पिक्सेलवरून नको, फक्त डावीकडच्या एकावरून घेऊ. हे ठरवताना बघितलेत ओरिजिनल पिक्सेल. लॉसलेस मोडमध्ये (काहीही न गमावता) टेस्ट केलीत, एकदम परफेक्ट, कारण तिथे डिकोडर अपडेट उलटा करून तेच सम पिक्सेल परत मिळवतो. मग क्वांटायझेशन (आकडे ठरावीक पायऱ्यांवर गोल करणं) चालू केलंत आणि कडेकडेला विचित्र ठिपके, कधी अख्खी रांगच वाकडी. डिकोडरकडे आता थोडे बदललेले पिक्सेल आहेत, त्यावरून त्याने ठरवलं "इथे कडा नाही", एनकोडरने ठरवलं होतं "आहे", झालं, दोघांचा फिल्टर वेगळा.

यावर उपाय दोन. एक म्हणजे अपडेट आधी, प्रेडिक्ट नंतर. क्लेपूल, डेव्हिस, स्वेल्डन्स आणि बारानिक यांची ही आयडिया, यात निर्णय फक्त लो-पास बँडवरून (फोटोच्या ढोबळ रूपावरून) घेतात आणि तो बँड डिकोडरकडे असतोच. पण इथेही अर्धवट वाचून लोक फसतात, नुसता क्रम बदलून भागत नाही, लो-पासही क्वांटाइझ झालेलाच वापरायला लागतो, म्हणजे एनकोडरने सगळ्यात जाड्याभरड्या लेव्हलपासून सुरुवात करून, क्वांटाइझ करून, परत उलगडून, त्यावर निर्णय घेत घेत बारीक लेव्हलकडे यायचं. दुसरा उपाय सरळ आहे, निर्णय बिटस्ट्रीममध्ये, म्हणजे फाईलमध्येच, लिहून पाठवायचा. तुमचा स्ट्रीम मध्येच तोडून कमी क्वालिटीत बघता यावा असं हवं असेल तर माझं मत विचाराल तर दुसराच घ्या, कारण पहिल्यात स्ट्रीम जरा तोडला की डिकोडरकडचे आकडे बदलतात आणि निर्णय परत फिसकटतात.

आणि हो, निर्णय फ्लोटवर (दशांश आकड्यांवर) घेऊ नका. दोन दिशांचा स्कोअर जवळपास सारखा असेल तर लॅपटॉपवर एक जिंकते आणि फोनवर दुसरी. तुलना इंटिजरमध्ये करा आणि टाय झाली तर कोण जिंकणार ते ठरवून ठेवा.

दिशा फुकट पाठवता येत नाही

पाठवायचं ठरलं की पुढचा खड्डा इथे. जरा हिशेब करू. ५१२×५१२ चा फोटो, टार्गेट पाव बिट दर पिक्सेल, म्हणजे अख्खी फाईल ८१९२ बाइट. ९ दिशा ठेवल्यात तर एका ब्लॉकला ३ बिटच्या थोडं वर. ब्लॉक १६×१६ असेल तर १०२४ ब्लॉक, सगळे मिळून ४०६ बाइट, म्हणजे ५ टक्के, चालतंय. ब्लॉक ८×८ केलात की १६२३ बाइट, वीस टक्के गेले. आणि ४×४ केलात (करतात लोक, "जास्त अ‍ॅडॅप्टिव्ह" म्हणून) तर जवळजवळ ६५०० बाइट, फाईलचा ८० टक्के भाग नुसता दिशा सांगण्यातच, फोटोसाठी उरलं काय. दिशांनाही एंट्रॉपी कोडिंग (जे वारंवार येतं त्याला कमी बिट) लावलंत तर आकडा खाली येतो, पण तो फक्त शेजारच्या ब्लॉकची दिशा सारखी असेल तर, आणि इथेच दुसरी चूक जोडीला येते.

दिशा निवडताना लोक फक्त "डिटेलची एनर्जी सगळ्यात कमी कुठे" एवढंच बघतात. चिऱ्याच्या भिंतीचा फोटो टाकून बघा, भोकंभोकं, दाणेदार, तिला दिशाच नाही, तरी प्रत्येक ब्लॉकला नऊपैकी कुठलीतरी एक केसभर बरी निघतेच, आणि मग दिशांचा नकाशा म्हणजे नुसता गोंधळ, जो कोड करायलाही महाग. म्हणून निवड करताना डिस्टॉर्शनमध्ये (फोटो किती बिघडला) लॅम्डा (बिटांना किती वजन द्यायचं तो आकडा) गुणिले बिट्स मिळवून एकूण किंमत बघा, ब्लॉक क्वाडट्रीने (गरज तिथेच चार चार तुकडे करत) पाडा म्हणजे मिरामारच्या आकाशाला एकच मोठा ब्लॉक आणि केबल्सपाशी छोटे. साधी ओळख सांगतो, दिशांचा नकाशा रंगवून स्क्रीनवर बघा, त्यात फोटोतल्या वस्तू ओळखू आल्या पाहिजेत. मुंग्या दिसल्या तर लॅम्डा वाढवा.

खरं सांगायचं तर प्रत्येक फोटोला नव्याने अ‍ॅडॅप्ट करायलाच हवं असं कुठे लिहिलंय? १९९३ मध्ये एफबीआयने बोटांच्या ठशांसाठी डब्ल्यूएसक्यू नावाचा फॉरमॅट काढला, त्यात वेव्हलेट पॅकेटसारखे ६४ सबबँड आहेत, पण ती फोड ठशांचा पोत बघून एकदाच ठरवलेली, दर फाईलला पाठवायला लागत नाही. तुमचे फोटो एकाच जातीचे असतील, समजा फक्त एक्स-रे नाहीतर फक्त सॅटेलाइट, तर हा रस्ता आधी बघा.

इंटिजरचे घोळ

५/३ लिफ्टिंग (९/७ चा साधा, इंटिजरमध्ये चालणारा भाऊ) स्वतः लिहिताना हे हमखास होतं. नंपायमध्ये (पायथॉनची आकडेमोडीची लायब्ररी) ८ बिटचा अ‍ॅरे तसाच ठेवून दोन शेजारी मिळवलेत, २०० आणि १८०, उत्तर ३८० यायला हवं, पण ८ बिटमध्ये २५५ च्या पुढे परत शून्यापासून मोजणी होते म्हणून येतं १२४, एररही येत नाही. त्याचा अर्धा ६२, खरा अंदाज होता १९०. आधी ३२ बिट साइन्ड करून घ्या, एक ओळ आहे. (पायवेव्हलेट्स ही तयार लायब्ररी वापरत असाल तर तिथे हे होत नाही, ते आतल्या आत फ्लोट करून घेतं.)

दुसरा घोळ जास्त पाजी. एनकोडर पायथॉनमध्ये, डिकोडर स्पीडसाठी सी मध्ये. पायथॉनचा डबल स्लॅश खाली ढकलतो, सी चा भागाकार शून्याकडे ढकलतो. सुरुवातीला १२८ वजा केल्यामुळे काळोखातले पिक्सेल निगेटिव्ह असतात, दोन शेजाऱ्यांची बेरीज −३ आली तर तिचा अर्धा पायथॉन म्हणतो −२ आणि सी म्हणतं −१. प्रेडिक्टमध्ये हे फक्त फोटोच्या काळ्या भागात दिसतं, त्यामुळे भर दुपारच्या बीचच्या फोटोवर टेस्ट केलेला कोड रात्रीच्या दिंडीच्या फोटोवर रडतो. अपडेटमध्ये मात्र डिटेल निगेटिव्ह असेल तिथे कुठेही, आणि एकेका लेव्हलला एकेकाची चूक खाली झिरपत जाते. सी मध्ये भागाकाराऐवजी राइट शिफ्ट वापरा, प्रश्न मिटला.

कडेला काय करायचं

पायवेव्हलेट्सचा डिफॉल्ट मोड सिमेट्रिक आहे, बायऑर ४.४ (हेच ते ९/७) लावून ५१२ लांबीची रांग टाकलीत तर २५६ ऐवजी २६० कोएफिशियंट येतात, पुढे १३४, ७१, ४०, २४. पाच लेव्हलनंतर २६२१४४ पिक्सेलच्या जागी २७८८९५ कोएफिशियंट, म्हणजे कॉम्प्रेशन सुरू व्हायच्या आधीच ६ टक्के फुगवटा. पीरिऑडायझेशन मोड लावलात तर संख्या बरोबर येते पण तो वरची कड खालच्या कडेला चिकटवतो, आकाशाखाली एकदम वाळू, नसलेली कड तयार, तिचे कोएफिशियंट भरा. जेपेग २००० (वेव्हलेटवर चालणारा फोटो फॉरमॅट) मध्ये कडेचा पिक्सेल परत न मोजता आरशासारखं उलटवतात, त्यात संख्याही वाढत नाही. लिफ्टिंगमध्ये हे लिहायला चार ओळी लागतात. दिशावाल्या लिफ्टिंगमध्ये तिरका बाण फोटोबाहेर जातो तेव्हाही दोन्ही बाजूंनी तेच उलटवणं करा, हे एनकोडरमध्ये करून डिकोडरमध्ये विसरणारे बरेच भेटतात.

सगळ्या बँडला एकच स्टेप साइझ

५/३ आणि ९/७ ऑर्थोगोनल नाहीत, म्हणजे कोएफिशियंटमधली चूक आणि फोटोतली चूक सारखी नसते. लिफ्टिंगमधून जसे आकडे बाहेर पडतात (५/३ मध्ये लो-पासचा गेन १) तसेच घेतलेत तर खोल लेव्हलच्या कोएफिशियंटमधली एकाची चूक फोटोत खूप जास्त जागी पसरते, नॉर्म (त्या पसरण्याचं माप) दर लेव्हलला साधारण दुप्पट होतो. सगळीकडे एकच थ्रेशोल्ड मारला की आकाशात ढगांचे पट्टे येतात. स्टेपला (क्वांटायझेशनच्या पायरीला) त्या बँडच्या नॉर्मने भागा. बस.

पीएसएनआर छान येतोय म्हणून खूश होऊ नका

दोन ८ बिट अ‍ॅरेंची वजाबाकी, वर्ग, सरासरी, असं एका ओळीत लिहिलेला पीएसएनआर (परत मिळालेला फोटो ओरिजिनलच्या किती जवळ ते सांगणारा आकडा, जास्त तितका चांगला) मी पोरांच्या कोडमध्ये नेहमी बघतो. वर्ग पण ८ बिटमध्येच होतो ना, म्हणजे १६ चा फरक असेल तर २५६, आणि २५६ म्हणजे ८ बिटमध्ये शून्य! मोठी चूक शून्य धरली जाते. एमएसई (फरकांच्या वर्गांची सरासरी) कधी २५५ च्या वर जाऊच शकत नाही, म्हणून पीएसएनआर २४ डीबीच्या खाली येतच नाही, काहीही करा. तपासायचं असेल तर से कॅथेड्रलच्या फोटोची तुलना दूधसागरच्या फोटोशी करा, २४ च्या वर आकडा आला तर कोड खोटा बोलतोय.

दुसरं, "९५ टक्के कोएफिशियंट शून्य झाले म्हणजे २० पट कॉम्प्रेशन" असं लिहू नका हो. उरलेले ५ टक्के कुठे बसलेत ते कोण सांगणार, त्याचेच बिट लागतात. शापिरोचं ईझेडडब्ल्यू (१९९३), सईद-पर्लमनचं स्पिट (१९९६), टॉबमनचं ईबीकॉट, ही सगळी मंडळी त्या जागा स्वस्तात कशा सांगायच्या याच्याच मागे होती. डिस्कवरच्या फाईलची साइझ मोजा. आणि तुलना करताना तोच एंट्रॉपी कोडर दोन्हीकडे ठेवा, नाहीतर फायदा अ‍ॅडॅप्टिव्हचा की कोडरचा ते कळत नाही.

टेस्ट फोटो व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेले नकोत, त्यात आधीच्या जेपेगचे ८×८ चे सांधे असतात आणि तुमचा हुशार ट्रान्सफॉर्म त्या सांध्यांनाच अ‍ॅडॅप्ट होत बसतो. नुसती बार्बराही (सगळे वापरतात तो बाईचा टेस्ट फोटो) नको, तिच्या कपड्यांवरच्या पट्ट्यांवर वेव्हलेट पॅकेट चमकतात, बाकी फोटोंवर तेवढे नाही. चतुर्थीच्या माटोळीचा रॉ फोटो घ्या, फळं, पानं, दोऱ्या, सगळ्या दिशा एकात.

व्हिडिओत अजून वेगळी दुखणी

दर फ्रेमला दिशा वेगळ्याने निवडली तर एकेक फ्रेम सुंदर आणि प्ले केलं की भिंती लुकलुकतात. मागच्या फ्रेमची दिशाच ठेवली तर बिट कमी धरा, बरंचसं शांत होतं. वेळेच्या अक्षावर वेव्हलेट लावणार असाल तर मोशन कॉम्पेन्सेशनशिवाय (हललेली वस्तू आधी जागेवर जुळवून घेतल्याशिवाय) लावू नका, शिगम्यातल्या रोमटामेळातल्या नाचणाऱ्याचे दोन-दोन हात दिसतील. आणि मोशन ब्लॉकने काढलात तर ब्लॉकच्या कडा उरलेल्या फरकात उमटतात, वेव्हलेट तर अख्ख्या फ्रेमवर चालतं, त्याला त्या खोट्या कडा महाग पडतात, म्हणून बीबीसीच्या डिरॅक या व्हिडिओ फॉरमॅटने एकमेकांवर चढणारे ब्लॉक वापरले. दूधसागरचं पाणी, मुसळधार पाऊस, असल्या ठिकाणी मोशन सापडतच नाही, तिथे वेळेवरचा प्रेडिक्ट बंद करायचा स्विच प्रत्येक ब्लॉकला हवाच.

अपेक्षाही जरा बेताच्या ठेवा. २००७ च्या एच.२६४ स्केलेबल या व्हिडिओ स्टँडर्डमध्ये वेव्हलेट घेतलं नाही, ब्लॉकवालेच जिंकले. वेव्हलेट टिकलंय ते जिथे दर फ्रेम स्वतंत्र लागते तिथे, इफ्फीला (फिल्म फेस्टिव्हल) पणजीत डीसीपीवरून (थिएटरला येणारं डिजिटल सिनेमाचं पॅकेज) जो सिनेमा बघता तो फ्रेम-फ्रेम जेपेग २००० असतो, ९/७, जास्तीत जास्त २५० मेगाबिट दर सेकंदाला, म्हणजे २४ फ्रेमला वाटलं तर एका फ्रेमला सुमारे १.३ एमबी, आणि त्यात अ‍ॅडॅप्टिव्ह दिशा वगैरे काही नाही.

अडकलात तर या क्रमाने शोधा

आधी क्वांटायझेशन बंद, आणि फोटोऐवजी रँडम नॉइज टाका, साइझ विषम, ३७×५३ वगैरे. एक पिक्सेल जरी चुकला तरी पुढे जाऊ नका. मग सगळ्या ब्लॉकला जबरदस्तीने सरळ दिशा द्या, निकाल साध्या ५/३ शी बिट-टू-बिट जुळला पाहिजे. ते जुळलं की क्वांटायझेशन चालू करून एनकोडर आणि डिकोडर दोघांकडून दर लेव्हलच्या निर्णयांचा हॅश (सगळ्या निर्णयांवरून काढलेला एक छोटा आकडा) छापून घ्या, ज्या लेव्हलला पहिल्यांदा हॅश वेगळा येतो तिथेच बग आहे, तिच्या पुढच्या लेव्हलचं आउटपुट बघत बसू नका, ते बिघडलेलंच असणार.