एकच आवाज घ्या आणि चार वाटांनी न्या: वाचन, लेखन, कविता आणि अमूर्त चित्र

कथा वाचाव्यात, काहीतरी लिहावं, कविता करून बघावी, रंग हातात घ्यावेत असं पुष्कळांना मनापासून वाटतं. पण हे चार वेगळे छंद म्हणून सुरू केले, की महिन्याभरात चारही मागे पडतात. त्यापेक्षा रोजच्या जगण्यातली एकच गोष्ट धरा आणि तीच या चारही कामांतून न्या. इथं मी बेळगावच्या वडगाव भागातल्या, कापड विणायच्या मागांचा आवाज घेतलाय. तुम्ही निपाणीच्या तंबाखूचा वास घ्या, खानापूरच्या कुंभाराचं चाक घ्या, नाहीतर उचगावच्या शिवारातली भातलावणी घ्या. रोज समोर असलेली गोष्ट घेतली की झालं.

आधी वाचा, आणि एकच कथा दोनदा वाचा

वाचायला काय घ्यावं हा प्रश्न आपल्या भागात तरी पडू नये. कथाकार जी. ए. कुलकर्णी १९२३ साली याच जिल्ह्यातल्या एकसंब्यात जन्मले. लंपन नावाच्या पोराच्या कथा लिहिणारे प्रकाश नारायण संत बेळगावचे. त्या कथांतली माणसं मराठीत कानडी मिसळून बोलतात, अगदी आपल्या घरांत बोलतात तशी. पुस्तकं विकत घ्यायला जमत नसेल तर वाचनालयाचं सभासद व्हा. बेळगावचं सार्वजनिक वाचनालय तर १८४८ सालचं आहे.

पहिल्यांदा कथा सरळ वाचून काढा. खुणा करू नका, अर्थ शोधत बसू नका. दुसऱ्या दिवशी पुस्तक न उघडता आठवा, काय राहिलं मनात? कथानक सोडा, ते सगळ्यांनाच आठवतं. एखादा वास, कुणाची तरी लकब, कोपऱ्यात पडलेली एखादी वस्तू आठवत असेल तर ती वहीत लिहा. मग पुस्तकात ती जागा शोधा. बहुतेक वेळा ती दीड-दोन ओळींचीच निघते. आपल्याला अख्खी खोली आठवत असते आणि लेखकानं लिहिलेली असते नुसती खुंटीवरची टोपी. ती जागा हातानं उतरवून काढा. लिहिताना वेग मंदावतो, त्यामुळे विशेषणं किती कमी आहेत, वाक्य कुठं तोडलंय, काय सांगायचं टाळलंय हे दिसायला लागतं. माझ्या मते लेखन शिकायचा याहून चांगला मार्ग नाही, आणि त्याला पैसेही लागत नाहीत.

जमलं तर त्याच कथेतलं एखादं दुय्यम पात्र उचला आणि एक प्रसंग त्याच्या बाजूनं पानभर लिहा. माणसं आणि जागा आयती मिळाल्यामुळे कोऱ्या पानाची भीती राहत नाही.

आता आपली गोष्ट लिहा

निवडलेल्या जागी जाऊन बसा. मोबाईलमध्ये दहा मिनिटांचा गजर लावा आणि तो वाजेपर्यंत हात थांबवू नका. खोडायचं नाही. फक्त दिसलेलं, ऐकलेलं, वास आलेलं लिहायचं. असं काहीतरी:

‘रात्रीचे साडेआठ. चार घरांतले माग चाललेत, पण कुणाचा ठोका कुणाशी जुळत नाही. दारातली म्हातारी नातवाला ओरडून सांगते, “आत ये की रे, जेवाण गार व्हायलंय!” पोरगा कानाला हात लावून दाखवतो. मग लाईट जाते. आडवा धागा नेणारा धोटा मध्येच अडकतो. तीच हाक आता तिसऱ्या गल्लीपर्यंत जाते.’

यात ‘भयाण शांतता’ हे शब्द कुठंच नाहीत. शांतता हाकेवरूनच कळते. दुसऱ्या दिवशी आपलं लिखाण वाचून जी वाक्यं वाचकाला काहीतरी समजावून सांगतात ती काढून टाका.

आणि एक कळकळीची विनंती. पात्रांच्या तोंडची भाषा पुस्तकी करू नका. आपल्याकडची पोरं लिहायला बसली की म्हातारीला ‘जेवण थंड होत आहे’ म्हणायला लावतात. निवेदन प्रमाण मराठीत खुशाल ठेवा, पण अव्वाला, म्हणजे आपल्या आजीला, अव्वासारखंच बोलू द्या. तो कानडी हेल आणि ती ‘की’ ही आपली मिळकत आहे.

त्यातूनच कविता काढा

कवितेसाठी नवा विषय शोधू नका, तोच परिच्छेद छाटा. मोकळं लिहिणं अवघड वाटलं तर अभंगाचा साचा घ्या. मोठ्या अभंगात पहिल्या तीन चरणांत सहा-सहा अक्षरं, चौथ्यात चार, आणि दुसऱ्या-तिसऱ्याचं यमक जुळतं. जोडाक्षर एकच मोजायचं.

वीज गेली तेव्हा
बंद पडे माग
गल्लीला ये जाग
हळूहळू

बोटांवर मोजून बघा. मोजत बसल्यामुळे ‘म्हातारी’ गेली, ‘पोरगा’ गेला, उरला तो नेमका क्षण. दुसरी अट स्वतःला घाला: भावनेचं नाव घ्यायचं नाही. बेळगावात आयुष्य घालवलेल्या इंदिरा संतांची कविता वाचा. पाऊस, झाडं, घर यांतूनच दुःख कसं उभं राहतं ते तिथं कळतं. कविता झाली की मोठ्यानं म्हणा. जीभ अडखळते तिथला शब्द बदला.

शेवटी रंग

अमूर्त चित्रासमोर, म्हणजे ज्यात ओळखीची वस्तू नसते अशा चित्रासमोर, आपण पहिल्यांदा विचारतो, ‘हे आहे काय?’ पण आलाप ऐकताना हा प्रश्न आपल्याला पडत नाही. कुमार गंधर्वांचं जन्मगाव सुळेभावी याच जिल्ह्यातलं. गाणं ऐकायची सवय या मुलखाला नवी नाही. चित्रही तसंच बघा: वजन कुठं आहे, डोळा कुठून कुठं जातो, कुठं विसावतो? कांदिन्स्की या रशियन चित्रकारानं आपल्या चित्रांना संगीतातली नावं दिली होती. आपले चित्रकार वासुदेव गायतोंडे रोलर आणि पॅलेट नाइफनं रंगाचे थर चढवत, खरवडत.

सामान थोडं लागतं: जाड ड्रॉइंग पेपर, काळा पोस्टर रंग, फणी, सुतळी. लाल रंगासाठी खानापूरकडची माती वाळवून कुटा, वस्त्रगाळ करा, पाण्यात पातळ केलेल्या फेविकॉलमध्ये कालवा. कागदाच्या तुकड्यावर लावून वाळू द्या. बोटाला उतरली तर फेविकॉल थोडा वाढवा.

काळ्या रंगात फणी बुडवून उभ्या रेघा ओढा, हा ताणा, म्हणजे मागावरचे उभे धागे. मग मातीच्या रंगात भिजवलेली सुतळी आडवी दाबत जा. हात मागाच्या ठोक्यावर चालू द्या, जुळला नाही तरी चालेल. लाईट जाते त्या जागी हात उचला आणि कागद कोरा सोडा. ही जागा किती मोठी ठेवायची, हाच या चित्रातला खरा निर्णय. दोन-तीन कागद करून पाहिल्याशिवाय तो होत नाही. माग ओळखू यायला लागला तर चित्र पुन्हा वस्तूकडे वळलं, दुसरा कागद घ्या. वाळल्यावर उलटं धरून बघा. उलटंही तोल सांभाळत असेल तर ठेवा.

मग ते घरातल्या कुणाला तरी दाखवा. काय काढलंय ते सांगू नका, ‘आवाज कुठं जास्त आहे?’ एवढंच विचारा आणि उत्तर वहीत लिहून ठेवा. कवितेला श्रोते हवे असतील तर कडोली, उचगाव, येळ्ळूर, कुद्रेमानी या गावांत मराठी साहित्य संमेलनं भरतात. आधी नुसते ऐकायला जा आणि वही बरोबर ठेवा.