द्राक्षाची ऑक्टोबर छाटणी : डोळा फुटताना आत काय चालतं आणि पेस्ट कशी लावावी

पेस्ट म्हणजे छाटणीनंतर काडीवरच्या डोळ्यांना (कळ्यांना) लावायचं हायड्रोजन सायनामाइडचं द्रावण. ती डोळ्याला उठवते, खायला घालत नाही. छाटणीनंतर पहिली चार-पाच पानं येईपर्यंत फूट जगते ती काडीत, ओलांड्यात (वेलीच्या आडव्या जाड फांदीत) आणि मुळात साठलेल्या स्टार्चवर. म्हणून आधी काडी तपासा. ताजा काप घेऊन त्यावर आयोडीनचे दोन थेंब टाका : काप गर्द निळा-काळा झाला तर साठा चांगला, फिकट पिवळट राहिला तर कच्चा. कच्च्या काडीवर पेस्टचं प्रमाण वाढवून काही साधत नाही.

झोपलेल्या डोळ्यात श्वसन मंद असतं आणि वाढ रोखणारं ॲब्सिसिक आम्ल जास्त. हायड्रोजन सायनामाइड डोळ्यातल्या हायड्रोजन पेरॉक्साइड फोडणाऱ्या कॅटालेज विकराला दाबतं, मग ते पेरॉक्साइड साचतं आणि पेशींना थोडा ताण बसतो. त्या धक्क्याने ॲब्सिसिक आम्ल उतरतं, श्वसन वाढतं, स्टार्चची साखर होऊ लागते. थंड प्रदेशात हेच काम हिवाळा करतो. नाशिक-सांगलीच्या ऑक्टोबरात तेवढी थंडी कुठली?

छाटणीआधी पंधरा दिवस पाणी कमी करून पानगळ करून घ्या. छाटल्यावर २४ ते ४८ तासांत पेस्ट लावा. ५० टक्क्यांचं औषध असेल तर उकाड्यात लिटरला साधारण ३० मिली, थंडीत किंवा जाड काडीला ४० मिली. तरी डब्यावरचं लेबल अंतिम. द्रावणात गेरू घाला म्हणजे पेस्ट लावायची राहिलेली काडी लगेच दिसते. राखायचे डोळेच भिजवा. लावण्याआधी जमिनीत वाफसा (ओल आहे पण चिखल नाही अशी स्थिती) हवा.

फक्त टोकाचाच डोळा फुटला तर बहुधा पेस्ट उशिरा लागलेली असते : टोकाचा एकदा हलला की खालच्यांना दाबून टाकतो. डोळा कापसल्यावर (फुगून त्यावर कापसासारखी लव दिसू लागल्यावर) मात्र पेस्ट लावू नका, कोंब जळतो. पेस्ट वाळायच्या आत पाऊस आला तर पुन्हा लावावी लागते.

आठव्या-दहाव्या दिवशी, डोळे फुगले की सकाळी बागेत जाऊन बघा. फुगीर डोळ्याला कुरतडलेलं भोक दिसलं तर तो उडद्या, म्हणजे डोळे खाणारा छोटा भुंगेरा. ‘डोळे फुटलेच नाहीत’ या तक्रारीत पुष्कळदा पेस्टचा दोष नसतोच.

हातमोजे, गॉगल, पूर्ण बाह्यांचा सदरा घालाच. औषध लावण्याच्या आदल्या दिवसापासून पुढे आठवडाभर मजुरांपैकी कोणीही दारू घेऊ नये; हे औषध शरीरात दारू पचू देत नाही, चेहरा लाल होतो, धाप लागते, रक्तदाब कोसळतो, आणि त्यावर खास उतारा नाही.